‘प्लेअर्स हँडबुक’ (२०२४) : चौघांची चैन, पाचवीची कसरत

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाचे नवे ‘प्लेअर्स हँडबुक’ सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. ३८४ पाने, जाड पुठ्ठ्याची बांधणी, पहिल्यापासून शेवटच्या पानापर्यंत रंगीत छपाई आणि ४९.९९ डॉलर मूळ किंमत, म्हणजे त्या वेळच्या विनिमय दराने चार हजार रुपयांच्या वर, असा हा ऐवज आहे. छापील पुस्तकावर आपल्याकडे जीएसटी लागत नाही. परंतु २०१९ च्या अर्थसंकल्पात आयात पुस्तकांवर ५ टक्के सीमाशुल्क बसवले गेले, आणि त्यात वाहतूक व विक्रेत्याचा नफा मिळवला की पुण्यात पुस्तक हाती पडेपर्यंत किंमत कुठे जाईल ते ज्याच्या त्याच्या दुकानदारावर अवलंबून राहते. एवढे पैसे घालावेत का, असे कोथरूडच्या कॉलेजातल्या मुलांपासून हिंजवडीत नोकरी करणाऱ्यांपर्यंत अनेकजण विचारतात, म्हणून हे परीक्षण. माझे मत आधीच सांगून टाकतो. पुस्तक उत्तम आहे. पण ज्याच्यासाठी ते उत्तम आहे, त्याला ते विकत घेण्याची गरज सर्वांत कमी आहे. असे का झाले हे समजून घ्यायचे, तर पुस्तकाइतकेच त्यामागच्या धंद्याकडेही पाहावे लागते.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. टेबलाभोवती पाच-सहा जण बसतात. त्यांतले एक सोडून बाकी प्रत्येकजण एकेका पात्राची भूमिका घेतो, ते पात्र काय करते हे बोलून सांगतो, आणि जिथे यशाची खात्री नसेल तिथे वीस बाजूंचा फासा टाकतो. उरलेली व्यक्ती म्हणजे डंजन मास्टर, सगळ्यांच्या तोंडी रुळलेल्या भाषेत डीएम. गावे, गुहा, त्यांतली माणसे आणि जनावरे, शत्रूंचे डावपेच, हवामान, बाजारभाव हे सगळे ती एकटी सांभाळते, आणि नियमाचा अर्थ लावून वाद मिटवण्याचे कामही तिच्याच गळ्यात असते. खेळाडूने रविवारी दुपारी फासे आणि पेन्सिल घेऊन यायचे. डीएमने त्यासाठी आठवड्यातल्या दोन-तीन संध्याकाळी घालवायच्या. कामाची ही विषम वाटणी खेळाच्या रचनेतच आहे आणि तिच्याविषयी तक्रार करण्यात अर्थ नाही. खेळाची विक्री वाढत गेली की या वाटणीचे काय होते, ते मात्र पाहण्यासारखे आहे.

१९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा हा खेळ प्रथम छापला गेला, तेव्हा विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या लहानशा गावातील टीएसआर कंपनीने त्याच्या जेमतेम हजार प्रती काढल्या होत्या. ते नियम इतके अपुरे होते की प्रत्येक गटाला मधल्या रिकाम्या जागा स्वतःच भराव्या लागत, आणि त्यामुळे खेळ विकत घेणारा माणूस बहुधा तो चालवणाराही असे. पुढे कंपनी वाढली, भांडणे वाढली, १९८५ मध्ये खुद्द गायगॅक्स यांच्या हातून तिचा ताबा गेला, आणि १९९७ मध्ये डबघाईला आलेली टीएसआर ‘मॅजिक’ या पत्त्यांच्या खेळावर श्रीमंत झालेल्या विझार्ड्स ऑफ द कोस्टने विकत घेतली. दोनच वर्षांत विझार्ड्स हॅस्ब्रो या खेळणी बनवणाऱ्या बड्या कंपनीच्या मालकीची झाली. म्हणजे आपण आज ज्याला छंद म्हणतो त्याचे मुख्य पुस्तक गेली पंचवीस वर्षे शेअर बाजारात नोंदलेल्या एका कंपनीच्या ताळेबंदात बसते आहे.

यातून केवळ वाईटच घडले असे म्हणणे अन्यायाचे होईल. २००० साली विझार्ड्सने ओपन गेम लायसन्स, म्हणजे ओजीएल, हा परवाना जाहीर केला आणि खेळाच्या मूळ नियमांवर आधारित साहित्य इतरांनी छापून विकण्याची मुभा दिली. त्यामागे दानधर्म नव्हता, हिशेब होता: छोट्या प्रकाशकांनी साहसकथा काढाव्यात आणि त्या खेळण्यासाठी लोकांनी आपले हँडबुक घ्यावे. हिशेब बरोबर ठरला. २००८ च्या चौथ्या आवृत्तीबरोबर कंपनीने अधिक जाचक परवाना आणला, तेव्हा पायझो या प्रकाशनसंस्थेने त्याच जुन्या ओजीएलच्या आधाराने २००९ मध्ये ‘पाथफाइंडर’ हा स्वतःचा खेळ उभा केला आणि नाराज खेळाडूंची मोठी फळी तिकडे वळली. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने त्यांतले पुष्कळ परत आणले. त्याशिवाय ज्यांनी कधी फासा हातात धरला नव्हता असे असंख्य नवे लोकही आणले, कारण २०१५ पासून ‘क्रिटिकल रोल’ या कार्यक्रमात व्यावसायिक आवाज-कलाकार हा खेळ खेळताना जगाला थेट दिसू लागले. खेळण्याआधी खेळ पाहिलेली ही पहिली पिढी. पुण्यातल्या टेबलांवर आज पंचविशीच्या आत-बाहेरचे जे लोक भेटतात, त्यांतले बहुतेक याच वाटेने आलेले असतात, आणि येताना प्रत्येकाच्या मनात आपल्या पात्राची पूर्वकथा तयार असते. आपण डीएम व्हावे असे मनात धरून येणारा त्यांत क्वचितच सापडतो.

डिसेंबर २०२२ मध्ये गुंतवणूकदारांसमोर बोलताना विझार्ड्सच्या तेव्हाच्या अध्यक्ष सिंथिया विल्यम्स यांनी दोन गोष्टी सांगितल्या. या खेळातून मिळायला हवा तेवढा पैसा अजून मिळत नाही, ही पहिली. आणि डीएम हे एकूण खेळणाऱ्यांच्या सुमारे २० टक्केच असले, तरी पैसे खर्च करणाऱ्यांत सर्वांत मोठा वाटा त्यांचाच आहे, ही दुसरी. व्यापाऱ्याच्या नजरेने याचा अर्थ सरळ आहे. ज्या २० टक्क्यांनी आधीच पदरमोड केली आहे त्यांना आणखी विकून विकून किती विकणार? उरलेल्या ८० टक्क्यांनी खिशात हात घालावा अशी काहीतरी तजवीज हवी. नव्या हँडबुकाचे चाचणी मसुदे ऑगस्ट २०२२ पासूनच जाहीर होऊ लागले होते, त्यामुळे त्या भाषणातून हे पुस्तक जन्मले असे मी म्हणणार नाही. दोन्हींमागचा हिशेब मात्र एकच असावा, असे पुस्तक वापरताना पदोपदी वाटते.

आता पुस्तकाकडे येऊ. नवशिक्याला हाताशी धरून खेळ शिकवण्याच्या बाबतीत आजवरच्या कोणत्याही हँडबुकापेक्षा हे सरस आहे. २०१४ च्या पुस्तकात आधी पात्र तयार करायला लावत आणि खेळायचे कसे ते निम्मे पुस्तक उलटल्यावर सांगत. इथे पहिल्या प्रकरणातच खेळ कसा चालतो ते येते, सोबत प्रत्यक्ष टेबलावरच्या संवादाचे नमुने येतात, आणि मग पात्राची पाळी. शेवटी नियमांचा शब्दकोश दिला आहे. एखादी संज्ञा अडली की थेट तिथे जायचे, उत्तर मिळते. खेळ थांबवून तीन प्रकरणे चाळण्याचा जुना उद्योग यामुळे जवळजवळ संपला, आणि केवळ या एका सुधारणेसाठी मी संपादकांना पैकीच्या पैकी गुण देईन. बारा क्लास, म्हणजे पात्रांचे पेशे, आहेत आणि प्रत्येकाला नेमके चार उपप्रकार. पूर्वी विझार्ड या क्लासला आठ आणि बार्बेरियनला दोन अशी जी खिरापत होती ती गेली. गोलायथ, ऑर्क आणि आसिमार हे वंश आता मुख्य पुस्तकात आहेत, हाफ-एल्फ आणि हाफ-ऑर्क मात्र वगळले आहेत. जन्मावरून मिळणारे शक्ती-बुद्धीचे वाढीव गुण आता पात्राच्या पूर्वायुष्यातल्या व्यवसायावरून मिळतात, हा बदल मला पटतो. चित्रे देखणी आहेत. इतकी देखणी, की आमच्या गटातल्या एका मुलीने क्लास निवडला तो चित्र पाहून, नियम वाचून नव्हे, आणि त्यात काही बिघडले नाही.

नियमांची भाषाही ठिकठिकाणी नेटकी झाली आहे. कोणाला पकडून धरायचे असेल, तर पूर्वी दोन्ही बाजूंनी फासे टाकून तुलना करावी लागे. आता पकडणाऱ्याच्या ताकदीवरून एक आकडा ठरतो आणि समोरच्याने एकदाच फासा टाकून तो गाठायचा. अशी अनेक ठिकाणे सांगता येतील.

पण जो सर्वांत गाजलेला बदल आहे, तो टेबलावर बसून पाहावा. वेपन मास्टरी या नावाखाली फायटर, बार्बेरियन वगैरे लढवय्यांच्या प्रत्येक हत्याराला आता एकेक खास गुण मिळाला आहे. बॅटलॲक्सचा गुण टॉपल. वार लागला की समोरच्याला कॉन्स्टिट्यूशन सेव्ह, म्हणजे तग धरण्यासाठीचा फासा, टाकावा लागतो, आणि तो फसला की तो आडवा पडतो. खेळाडूला यात मजा आहे, कारण पूर्वी फायटरने दर पाळीला फक्त ‘मी मारतो’ एवढेच म्हणायचे असे. आमच्या टेबलावर पाचव्या पातळीचा फायटर आहे, म्हणजे एका पाळीत दोन वार. तो वार करतो, फासा टाकतो, लागला असे कळते, नुकसानीचे फासे टाकतो, आणि मग वळून विचारतो, ‘ताई, हा पडला का?’ ताई, म्हणजे आमची डीएम, पडद्यामागे त्या ऑग्रचा, म्हणजे समोरच्या धिप्पाड शत्रूचा, कागद शोधते, फासा टाकते, बेरीज करते. ‘नाही पडला.’ दुसरा वार. ‘आता?’ पुन्हा फासा. तेवढ्यात पलीकडून दुसऱ्या खेळाडूचा प्रश्न येतो की ऑग्र पडला तर माझ्या बाणाला फायदा की तोटा. (तोटा, लांबून मारणाऱ्याला पडलेले लक्ष्य अवघड जाते.) या सगळ्यात खेळाडूचा एक नवा पर्याय वाढला आणि डीएमचे दोन फासे, एक बेरीज व एक निवाडा वाढला. असे चार खेळाडू आणि असे प्रत्येकी दोन-तीन नवे गुण मोजले की संध्याकाळ कुठे जाते ते कळते. पात्रेही पूर्वीपेक्षा उघडच बळकट झाली आहेत, त्यामुळे लढाई रंगतदार राखायची तर शत्रू वाढवा, आणि शत्रू वाढवले की डीएमचे फासे पुन्हा वाढतात.

त्यातही गंमत अशी की, खेळाडूंना ही नवी शक्ती सप्टेंबर २०२४ मध्ये मिळाली. डीएमसाठीचे मार्गदर्शक पुस्तक नोव्हेंबरमध्ये आले, आणि या बळकट पात्रांना पुरून उरतील असे प्राणी ज्यात आहेत ते ‘मॉन्स्टर मॅन्युअल’ फेब्रुवारी २०२५ मध्ये. मधले पाच महिने जगभरच्या डीएमनी जुन्या प्राण्यांना ठिगळे लावून दिवस काढले. डीएमचे नवे पुस्तक जुन्यापेक्षा पुष्कळ चांगले आहे, नव्याने डीएम होणाऱ्याला ते खरोखर धीर देते, हे मान्य करूनच मी हे लिहितो आहे. तरी तीन पुस्तकांपैकी खेळाडूला एक पुरते आणि डीएमला तिन्ही लागतात, म्हणजे मूळ किमतीने जवळजवळ दीडशे डॉलर. डी अँड डी बियाँड या अधिकृत डिजिटल सेवेवर घेतलेली पुस्तके गटाला वाटायची असतील, तर महिना ५.९९ डॉलरची मास्टर वर्गणी भरणारे एक माणूस लागते. ते माणूस कोण असते हे सांगायला नको.

पुण्यात याचा परिणाम कसा दिसतो? खेळू इच्छिणारे भरपूर, चालवणारे मोजके. व्हॉट्सॲपवरच्या गटांत ‘डीएम हवा आहे’ हा निरोप इतक्या नियमाने येतो की त्याकडे आता कोणी लक्षही देत नाही. टंचाई आली की किंमत येते, आणि म्हणून पैसे भरून खेळण्याची टेबले सुरू झाली. बाणेरच्या बाजूच्या अशाच एका गेम कॅफेत आम्ही काहीजण मध्यंतरी गेलो होतो. डीएम तरुण होता, तयारीचा होता, आवाज बदलून बोलण्यात वाकबगार होता. पण टेबल तीन तासांसाठी आरक्षित होते आणि त्यानंतर दुसरा गट ताटकळत उभा होता. शेवटच्या लढाईत व्यवस्थापक दोनदा जवळ येऊन घड्याळाकडे पाहून गेला, आणि त्यानंतरच्या पहिल्याच वाराला तो भलामोठा शत्रू कोसळला. त्याचे हिट पॉइंट, म्हणजे अंगात उरलेला जीव मोजणारे आकडे, मुकाट्याने कमी झाले, हे आमच्यातल्या जुन्या खेळाडूंनी ओळखले. नव्यांनी टाळ्या वाजवल्या. डीएमच्या मेहनतीला मोल मिळाले पाहिजे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. एका माणसाने आठवडाभर राबून चार जणांची करमणूक करायची आणि चहाचे पैसेही त्यानेच द्यायचे, ही काही आदर्श स्थिती नव्हे. मला खटकते ते वेगळेच. तिकीट काढून येणाऱ्याला आपणही कधी हा खेळ चालवू शकू, असे वाटण्याची शक्यता कमी होते.

पुण्याच्या वाचकाला हे फार समजावून सांगावे लागू नये. साठच्या दशकापासून पुरुषोत्तम करंडकासाठी कॉलेजांतली मुले एकांकिका बसवत आली आहेत, आणि त्यांतून नटांइतकेच दिग्दर्शक, लेखक आणि प्रकाशयोजनाकार घडले, कारण हौशी रंगभूमीवर प्रत्येकाला कधी ना कधी पडद्यामागे उभे राहावेच लागते. व्यावसायिक नाटकाचे तिकीट काढणारा रसिक तितकाच जाणकार असू शकतो, पण त्याच्या हाती कोणी दिव्यांची कळ देत नाही. जुन्या, फाटक्या नियमांनी खेळाडूला नाइलाजाने का होईना पडद्यामागे ढकलले. या देखण्या, परिपूर्ण, खेळाडूचे सगळे लाड पुरवणाऱ्या हँडबुकाने ती गरज ठेवलेली नाही.

यशाचा दुसरा भार पडतो तो इतर खेळांवर. ‘कॉल ऑफ क्थुलू’ हा १९८१ पासूनचा रहस्य आणि भयाचा खेळ आमच्यातल्या एकाने १९२० च्या दशकातल्या पुण्यात, कॅम्पातल्या एका बंगल्यात बेतून चालवायचे ठरवले. कल्पना झकास होती. त्या खेळाचे सुरुवातीचे नियम प्रकाशक फुकट देतो, म्हणजे खर्च शून्य. तरी ओळखीच्या गटांत निरोप टाकल्यावर जी उत्तरे आली त्यांतली निम्मी ‘डी अँड डी नाही का?’ अशी होती. अनेकांच्या लेखी संपूर्ण छंदाचे नावच डी अँड डी आहे, आणि त्यांना दोष कसा द्यायचा, कारण मालिकेत, व्हिडिओ गेममध्ये, दुकानाच्या काचेमागे त्यांना तेच एक नाव दिसत आले. पाथफाइंडरचे सगळे नियम ‘आर्काइव्ह्ज ऑफ नेथिस’ या संकेतस्थळावर प्रकाशकाच्या परवानगीने विनामूल्य वाचता येतात, हे पुण्यात बरीच वर्षे खेळणाऱ्यांनाही मी सांगितल्यावर कळले आहे.

मोठ्या कंपनीने कूस बदलली की शेजाऱ्यांची झोपही मोडते, ते जानेवारी २०२३ मध्ये दिसले. ओजीएल बदलण्याचा मसुदा फुटला. त्यात वर्षाला साडेसात लाख डॉलरच्या वर उत्पन्न असलेल्या प्रकाशकांकडून वरच्या रकमेवर २५ टक्क्यांपर्यंत वाटा मागितला होता. खेळाडूंनी डी अँड डी बियाँडच्या वर्गण्या रद्द करायला सुरुवात केली, आणि महिना संपायच्या आत कंपनीने माघार घेऊन पाचव्या आवृत्तीचा मूळ नियमसंच क्रिएटिव्ह कॉमन्स या, श्रेय देऊन कोणालाही वापरू देणाऱ्या, परवान्याखाली कायमचा खुला केला. ग्राहकांनी एवढ्या मोठ्या कंपनीला नमवल्याची उदाहरणे फारशी नाहीत. तरी पायझोने धडा घेतला तो घेतलाच: त्याच वर्षाच्या अखेरीपासून पाथफाइंडरची सुधारित पुस्तके काढून त्यांनी ओजीएलवर अवलंबून असलेला सारा भाग वगळला, आणि त्यात पात्रांची चांगले-वाईट अशी वर्गवारी करणारे अलाइनमेंटही गेले. म्हणजे एका कंपनीच्या कायदेविभागाच्या मसुद्यामुळे दुसऱ्याच खेळातले नियम बदलले.

असे असले तरी या यशाने पुण्याला काही दिलेच नाही असे नाही. बंगळुरूहून किंवा दिल्लीहून नोकरीसाठी इथे आलेला माणूस पहिल्याच रविवारी अनोळखी टेबलावर बसून सहज खेळू शकतो, कारण नियम सगळ्यांना ठाऊक असलेले आणि एकच असतात. छोट्या खेळांना हे कधीच साधत नाही. २०२२ मध्ये याच कंपनीने मिमी मंडल या भारतीय लेखिकेची, आपल्याकडच्या नद्या आणि दंतकथा पाठीशी असलेली ‘इन द मिस्ट्स ऑफ मणिवर्षा’ ही साहसकथा एका संग्रहात छापली; बाजार मोठा झाल्याशिवाय हे घडले नसते. (त्याच खेळात वाघाच्या डोक्याचा आणि उलट्या पंजांचा राक्षस दशकानुदशके फिरतो आहे. आमच्या टेबलावर तो प्रथम आला तेव्हा एकाने अत्यंत गंभीरपणे विचारले की, हा चमचा कसा धरत असेल.)

पुस्तक कागदावर घ्यावे की पडद्यावर, याविषयी माझे मत ठाम आहे: कागदावर. ऑगस्ट २०२४ मध्ये कंपनीने जाहीर केले होते की, डी अँड डी बियाँडवरच्या पात्रांच्या कागदांत जुनी मंत्रविद्या आणि जादुई वस्तू यांच्या जागी नव्या आवृत्तीच्या नोंदी येतील. ज्यांनी जुनी पुस्तके तिथे पैसे देऊन घेतली होती ते खवळले आणि काही दिवसांतच तो निर्णय मागे घ्यावा लागला. निर्णय फिरला हे चांगले झाले, पण आपण विकत घेतलेल्या पुस्तकातला मजकूर दुसरा कोणी बदलू शकतो, हे सगळ्यांना कळून चुकले. कपाटातल्या पुस्तकाला ती भीती नाही. छापील प्रत घेतली म्हणून डिजिटल प्रत आपोआप मिळत नाही, हेही लक्षात असू द्यावे.

आता मी सुरुवातीला जे म्हटले त्याचा खुलासा. नव्या खेळाडूला जे नियम लागतात ते कंपनीनेच विनामूल्य उपलब्ध ठेवले आहेत. एप्रिल २०२५ मध्ये नव्या आवृत्तीचा नियमसंच, एसआरडी ५.२, क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली आला. त्यात बाराही क्लास आहेत, प्रत्येकाचा एकेक उपप्रकार आहे, मानव, एल्फ, ड्वार्फ धरून नऊ वंश आहेत, मंत्र आहेत आणि प्राण्यांचाही भरपूर भरणा आहे. परवान्याची अट एवढीच की मूळ श्रेय द्यायचे. त्यामुळे भाषांतरही करता येते. खेळाची अधिकृत मराठी आवृत्ती नाही, ती निघेल अशी लक्षणेही नाहीत. पण आमच्या डीएमने लढाईतल्या पाळीचे नियम मराठीत उतरवून, खाली श्रेयाची ओळ घालून, दोन पानी कागद तयार केला आहे. तो झेरॉक्स करून नव्या माणसाच्या हातात दिला की इंग्रजी पुस्तकाला बिचकणारा खेळाडूही पहिल्या तासाभरात ‘माझी ॲक्शन झाली, आता बोनस ॲक्शन’ असे बोलू लागतो.

म्हणून माझा सल्ला असा. एका टेबलामागे या हँडबुकाची एक छापील प्रत पुरे, आणि तिचे पैसे सगळ्यांनी वाटून घालावेत. डीएमकडून घेऊ नयेत. प्रत्येक खेळाडूने आपापली प्रत घ्यावी असे या पुस्तकाचे रूप आग्रहाने सुचवते, पण तसे करण्यात हौसेपलीकडे कारण नाही. त्याऐवजी वाचलेल्या पैशांतून गटासाठी ‘मॉन्स्टर मॅन्युअल’ घेतले तर उपयोग जास्त होईल, कारण त्यात पाचशेहून अधिक प्राणी आहेत आणि डीएमची तयारी त्यानेच खरी हलकी होते. पाळीपाळीने प्रत्येकाने एकेक छोटी कथा चालवायची असे ठरवणाऱ्या गटाला मात्र डीएमचे पुस्तकही घ्यायला हरकत नाही. ज्यांच्याकडे २०१४ चे हँडबुक आहे त्यांनी घाई करू नये. जुन्या साहसकथा नव्या नियमांवर चालतात, जुनी पात्रेही थोड्या डागडुजीने चालतात. फक्त एका टेबलावर काहींचे जुने आणि काहींचे नवे पात्र असेल, तर कोणते पुस्तक प्रमाण मानायचे ते पहिल्याच बैठकीत ठरवून टाकावे. २०२५ मध्ये या आवृत्तीमागचे दोन ठळक चेहरे, जेरेमी क्रॉफर्ड आणि ख्रिस पर्किन्स, विझार्ड्स सोडून क्रिटिकल रोलच्या डॅरिंग्टन प्रेसमध्ये दाखल झाले, आणि त्या संस्थेचा ‘डॅगरहार्ट’ हा स्वतःचा खेळ त्याच वर्षी मे महिन्यात बाजारात आला. आमचा गट चालू कॅम्पेन, म्हणजे बैठकांमागून बैठका चाललेली कथा, संपल्यावर तो खेळून पाहणार आहे. डीएमच्या खुर्चीत तेव्हा फायटर खेळणारा मुलगा बसेल, अशी अट ताईने आताच घातली आहे.